वस्त्रकला : करणाऱ्यांनीच शिकवत घडवलेली कला

वस्त्रकलेत रमलेल्या कितीतरी कलावंतांचं आयुष्य दोन ठिकाणी विभागलेलं असतं, मागापाशी आणि वर्गात. शिकवणं हे पोटापाण्यासाठी, खरी कला घरच्या मागावर, असा एक समज आहे. या कलेचा गेल्या दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला की तो समज मला पटत नाही.

चित्रकला आणि शिल्पकला शिकवायला युरोपात अकादम्या होत्या. विणकाम आणि भरतकाम मात्र घरात नाहीतर कारखान्यात शिकायचं. 1785 मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं आणि पुढच्या शतकात हातमागाची विद्या झपाट्याने आटत गेली. इंग्लंडचा कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस याला टॅपेस्ट्री, म्हणजे विणीतूनच चित्र उमटवलेलं भिंतीवर लावायचं कापड, विणायची होती, तेव्हा त्याने 1879 मध्ये लंडनच्या घरी निजायच्या खोलीत माग उभा केला आणि अठराव्या शतकातली एक फ्रेंच पुस्तिका समोर ठेवून तो शिकला. पहिल्या टॅपेस्ट्रीला 516 तास लागल्याची नोंद त्याने स्वतः करून ठेवली आहे. मग त्याने जॉन हेन्री डर्ल या तरुण मुलाला विणायला शिकवलं आणि डर्लने पुढच्यांना.

सुईकामाला कलाशाळेत जागा मिळवून दिली ती ग्लासगोच्या जेसी न्यूबेरीने. तिथल्या स्कूल ऑफ आर्टमध्ये तिने 1894 मध्ये भरतकामाचा वर्ग सुरू केला. तिची विद्यार्थिनी ॲन मॅकबेथ हिने मार्गारेट स्वॉन्सनसोबत 1911 मध्ये शालेय शिवणकामावर पुस्तक लिहिलं. तोवर शाळेतल्या चिमुरड्या मुली पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने बारीक टाके घालत डोळे शिणवत. या दोघींचं म्हणणं असं, की लहान मुलांना जाड सुई, भरड कापड आणि रंगीत दोरा द्या, टाके मोठे घालू द्या. बारकावा वयाबरोबर येईल. मुलाच्या हाताचा आणि नजरेचा असा विचार करणारी शिक्षिका मला कलेच्या इतिहासात फार मोठी वाटते.

बाउहाउस ही कलाशाळा 1919 मध्ये जर्मनीत वायमारला सुरू झाली. तिथे येणाऱ्या मुलींना बहुतेक वेळा विणकामशाळेकडेच वळवलं जाई. हा अन्यायच होता. शिवाय तंत्र नीट शिकवणारं तिथे फारसं कुणी नव्हतं. म्हणून गुंटा श्टोल्त्स्ल आणि बेनिटा ओटे या तिथल्या विद्यार्थिनी क्रेफेल्ड शहरात जाऊन रंगाई आणि विणीचे अभ्यासक्रम करून आल्या आणि ते ज्ञान त्यांनी मैत्रिणींना दिलं. 1927 मध्ये श्टोल्त्स्ल त्या विणकामशाळेची प्रमुख झाली.

तिथेच शिकलेली ॲनी आल्बर्स. 1930 मध्ये पदविकेसाठी तिने सुती धाग्यांत सेलोफेन, म्हणजे चकाकणारा पातळ पारदर्शक पापुद्रा, विणून एका सभागृहाच्या भिंतीसाठी कापड केलं. एका अंगाने ते आवाज शोषायचं, दुसऱ्या अंगाने उजेड परतवायचं. नाझींच्या दबावाखाली 1933 मध्ये बाउहाउस बंद पडलं आणि ती अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेली.

तिच्या शिकवण्यातली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांना पोत कळावा म्हणून ती हाताशी असेल ते वापरायला लावी. मक्याचे दाणे ओळीने मांडायचे, कागदाला भोकं पाडायची, टाइपरायटरवर एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटवून विणीसारखा पृष्ठभाग तयार करायचा. दाण्यांची ओळ जरा सरकली की सगळा पोत बदलतो, हे धाग्याला हात लावण्याआधीच डोळ्यांना उमगायचं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या प्राचीन विणकरांना ती आपले गुरू मानत असे, आणि कमरेला बांधायच्या त्यांच्या साध्या मागावर तिने विद्यार्थ्यांनाही विणायला लावलं. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं एकल प्रदर्शन भरवलं. विणकराला असा मान त्या संग्रहालयात पहिल्यांदाच मिळाला, आणि त्याआधीची बरीच वर्षं ती वर्गात होती.

पुढे 1962 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला टॅपेस्ट्रीचं द्वैवार्षिक, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं, प्रदर्शन सुरू झालं. पोलंडची माग्दालेना अबाकानोविच पहिल्याच वर्षी तिथे होती. काही वर्षांतच तिने जुने दोरखंड उसवून मिळालेल्या घायपाताच्या धाग्यातून माणसाहून उंच आकार विणले. ते भिंत सोडून हवेत लटकत आणि लोक त्यांच्याभोवती फिरून पाहत. 1965 मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी ती पोलंडमधल्या पॉझ्नानच्या कलाशाळेत शिकवू लागली आणि जगभर नाव झाल्यावरही 1990 पर्यंत शिकवत राहिली.