एमआरआयमध्ये फाटलेलं दिसलं, म्हणून कापायचं का?

पन्नाशी उलटलेल्या दहा जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले, तर तीन-चार रिपोर्टांत तरी 'मिनिस्कस टेअर' हे शब्द सापडतील. मिनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली चंद्रकोरीच्या आकाराची कूर्चेची गादी. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात. गुडघा दुखतोय आणि गादी फाटलीय, हे दोन्ही एकदम समोर आलं की कुणीही एकाचा संबंध दुसऱ्याशी जोडणार.

हा संबंध वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ रहिवाशांचे गुडघे एमआरआयखाली तपासले गेले. त्यांची निवड करताना गुडघा दुखतो की नाही हे पाहिलेलंच नव्हतं. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची गादी फाटलेली होती त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात दुखणं, ठणकणं, आखडणं यांपैकी काहीही जाणवलं नव्हतं. केस पिकावेत तशी ही गादी वयानुसार झिजते, चिरते. दुखणाऱ्या गुडघ्यात ती चिरलेली दिसली, तरी दुखण्याचं कारण तीच असेल असं नाही.

तरीही कित्येक वर्षं जगभर अशा गुडघ्यांवर दुर्बिणीतून ऑपरेशन होत राहिलं. गुडघ्याला दोन-तीन लहान छिद्रं पाडायची, सलाइन सोडून सांधा फुगवायचा, कॅमेऱ्यात बघत फाटका भाग कापायचा, खरखरीत पृष्ठभाग घासायचा आणि धुऊन काढायचा. हे तंत्र जपानी डॉक्टरांनी घडवलं. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. ऑपरेशननंतर पुष्कळ रुग्ण बरं वाटतंय असं सांगत, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारण वाटत नव्हतं.

शंका घेतली ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली यांनी. गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाचा सांधा नुसता धुतला, दुसऱ्याचा धुऊन घासला. तिसऱ्या गटाच्या त्वचेवर फक्त तीन चिरे दिले, आत काहीही घातलं नाही. मोझली एकेक हत्यार मागून घेत, पाय वाकवत, पाण्याचा आवाजही होत असे, जेणेकरून गुंगीतल्या रुग्णाच्या कानावर काही पडलं तरी संशय येऊ नये. आपल्या वाट्याला असं लटकं ऑपरेशन येऊ शकतं, हे प्रत्येक रुग्णाने आधी लिहून दिलं होतं. दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ साली निकाल आला : तिन्ही गटांच्या दुखण्यात आणि हालचालीत फरक नाही. नुसत्या चिऱ्यांनी ज्यांना बरं वाटलं, ते खोटं बोलत नव्हते. दुखणं आपोआप कमी-जास्त होतच असतं, आणि माणूस ते फार वाढलं की ऑपरेशनला तयार होतो. त्यानंतर ते उतरलं की श्रेय ऑपरेशनला जातं.

हे संधिवाताचे गुडघे होते, गादी फाटली असेल तर गोष्ट वेगळी, असा आक्षेप आला. तो रास्त होता. मग फिनलंडमध्ये, वयोमानाने गादी फाटलेल्या पण संधिवात नसलेल्या १४६ रुग्णांवर तसाच प्रयोग झाला. २०१३ मध्ये उत्तर आलं, तेही तेच. आज अशा गुडघ्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये, अशी स्पष्ट आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. माझ्या मते ऑर्थोपेडिक्समधली ही सगळ्यात धाडसी संशोधनं आहेत, कारण ती सर्जन लोकांनी स्वतःच्याच हातखंडा ऑपरेशनवर केली.

म्हणून दुर्बीण टाकाऊ ठरत नाही. पंचविशीतला कबड्डीपटू पडला, गादीचा तुकडा सांध्यात अडकला आणि गुडघा सरळच होईना, तर ऑपरेशन हवंच, तेही लवकर. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथली ताजी चीर टाके घालून जुळते. आतल्या भागाला रक्त पोचत नाही, त्यामुळे तिथे भरून येणं अवघड.

खेळाडूंच्या बाबतीत घाई होते ती एसीएलची. गुडघ्याच्या मधोमध असलेलं हे लिगामेंट तुटलं की टोकं सहसा आपसूक जुळत नाहीत, म्हणून रुग्णाच्याच मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध घेऊन नवं बसवतात. पण स्वीडनमध्ये १२१ तरुणांचा अभ्यास झाला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, उरलेल्यांना आधी नुसता व्यायाम आणि गरज पडलीच तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती, आणि व्यायामवाल्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. वारंवार गुडघा निसटत असेल किंवा झटक्यात दिशा बदलायचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, तर ऑपरेशनचं पारडं जड होतं.

आता गुडघा 'बदलणं'. इथे पुरावा ऑपरेशनच्या बाजूने आहे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि हे ऑपरेशन भारतात घरोघरी ठाऊक झालं. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना १९७४ मध्ये ज्या गटाने वापरात आणला, त्यात जॉन इन्सॉल यांच्यासोबत तेही होते. प्रत्यक्षात अख्खा गुडघा काढत नाहीत. हाडांच्या टोकांचा झिजलेला थर, साधारण सेंटिमीटरभर, कापून वर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती ठेवतात.

डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांची तुलना झाली. वर्षभराने ऑपरेशन झालेल्या ८५ टक्के जणांना चांगला फरक पडला होता. नुसता व्यायाम, वजन घटवणं आणि गोळ्या यांवर ठेवलेल्यांपैकी तसा फरक ६८ टक्क्यांना होता, आणि या अख्ख्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्शानेच त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं. गंभीर त्रास ऑपरेशनच्या गटात जास्त झाले. म्हणजे ऑपरेशन सरस, पण आधी व्यायाम करून पाहण्यात नुकसान नाही. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

कृत्रिम गुडघा टिकतोही. परदेशी नोंदवह्यांनुसार दर १०० पैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही चालू असतात. मात्र मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याची फार आशा धरू नये, आणि दहा-वीस टक्के रुग्णांचं दुखणं पुरतं जात नाही. हे आधीच सांगितलं जायला हवं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरातला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला. 'जास्त वाकणारा' म्हणून वेगळा गुडघा सुचवला जातो, पण त्याचा साध्यापेक्षा ठळक फायदा संशोधनात दिसलेला नाही.

एक ऑपरेशन मात्र आपल्याकडे उलट उगाच लांबवलं जातं. आजी बाथरूममध्ये घसरतात, खुब्याचं हाड मोडतं आणि घरात चर्चा सुरू होते : या वयात भूल सोसेल का, वजन बांधून पडून राहिल्या तर नाही का चालणार? पडून राहणं हाच इथे मोठा धोका. न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा, सगळं त्या पलंगावरच सुरू होतं. शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं आणि लगेच पायावर उभं करावं, असा आजचा सल्ला आहे. मधुमेह, रक्तदाब आहे म्हणून आठवडा घालवण्यापेक्षा भूलतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी विचारा, काय सुधारल्यावर टेबलावर घ्याल आणि त्याला किती तास लागतील.