त्या क्षणाची नोंद: दुर्मीळ आजार, मनःस्थिती आणि फोन

दुर्मीळ आजाराचा रुग्ण तीन महिन्यांनी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात येतो, तेव्हा डॉक्टर विचारतात, "मधल्या काळात मन कसं होतं?" उत्तर बहुधा त्या सकाळचंच असतं. पेडण्याहून पहाटेची कदंब बस धरून आलेल्या, रांगेत ताटकळलेल्या माणसाला मागचे नव्वद दिवस कसे आठवावेत? मनःस्थितीची रोजच्या रोज नोंद ठेवण्याची पद्धत याच अडचणीतून घडत गेली.

१९७० च्या दशकात शिकागोत मिहाय चिक्सेंटमिहाई आणि रीड लार्सन यांनी किशोरवयीन मुलांना पेजर दिले. तो दिवसातून अनेकदा अवचित वाजे आणि मुलं त्या घटकेला काय करतोय, कसं वाटतंय हे छापील कागदावर भरत. १९९४ मध्ये आर्थर स्टोन आणि सॉल शिफमन यांनी ही कल्पना वैद्यकात रुजवली.

कागद मात्र दगा देतो. २००२ मध्ये जुनाट दुखण्याच्या ८० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कागदी डायरी दिली होती, पण तिच्या बाईंडरमध्ये ती कधी उघडली हे टिपणारा प्रकाश-सेन्सर होता. रुग्णांनी लिहिलेल्या वेळांनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या, सेन्सरनुसार फक्त ११ टक्के. ३२ टक्के दिवस तर डायरी उघडलीच नव्हती. याला लबाडी म्हणणं अन्यायाचं होईल. थकलेला माणूस राहिलेली पानं एका बैठकीत भरतो. उरलेल्यांच्या हातातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर ९४ टक्के नोंदी वेळेत झाल्या, कारण त्यात मागाहून भरायची सोयच नव्हती.

दुर्मीळ आजारात आणखी एक पेच आहे. नैराश्य मोजणाऱ्या २००१ च्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत नऊपैकी चार प्रश्न झोप, थकवा, भूक आणि हालचालीचा वेग यांबद्दल आहेत. पॉम्पे या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या रुग्णाला मन ठीक असतानाही थकव्याचे गुण पडतात. चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या १९८३ च्या एचएडीएस मापनात अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळली होती. शिवाय तुलनेला त्याच आजाराचे शंभर रुग्ण गोव्यात कुठून आणणार? म्हणून रुग्णाचे स्वतःचे आधीचे दिवस हीच त्याची मोजपट्टी.

व्यवहारात सुरुवातीला फोनवरच्या ॲपमधून १४ दिवस, रोज तीन वेळा विचारणा पुरे, म्हणजे ४२ नोंदी. मन, थकवा आणि वेदना यांना ० ते १० गुण वेगवेगळे द्यावेत. उत्तराला एक तासाची मुदत ठेवावी. औषधाच्या तारखाही त्याच आलेखावर हव्यात. गोशे, फॅब्री, पॉम्पे या एन्झाइमच्या कमतरतेच्या आनुवंशिक आजारांत एन्झाइमचं सलाईन साधारण दर दोन आठवड्यांनी असतं. ती तारीख नसेल तर सलाईन जवळ येताना वाढणारा थकवा कुणीतरी नैराश्य म्हणून वाचतो. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा डोस बदलला तरी मन हलतं, तेही टिपायला हवं.

सर्वांत फसवी असते ती रिकामी जागा. मायस्थेनिया या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारात दिवस कलला की पापण्या मिटू लागतात, हात जड होतात आणि संध्याकाळचा प्रश्न हुकतो. मग चांगल्या सकाळींचीच सरासरी निघते. चुकलेल्या वेळा मोजल्याच पाहिजेत; मोठी बटणं किंवा आवाजी उत्तर यांनी त्या कमी होतात. फोनचा बॅटरी सेव्हर सूचना अडवतो, तो त्या ॲपपुरता बंद ठेवावा. पावसाळ्यात सत्तरीत वीज आणि रेंज दोन्ही गेली तरी नोंद फोनमध्येच साठावी, आणि तिच्यावर पाठवल्याची नव्हे, भरल्याची वेळ पडावी.

शब्दही जपून निवडावेत. घरी कोंकणी बोलणारा आणि मराठी वाचणारा रुग्ण 'उदास' म्हणेलच असं नाही; 'जीव रमत नाही' हे त्याला पटकन कळतं. मात्र एकदा ठरलेला शब्द मध्येच बदलू नये, नाहीतर आधीचे आणि नंतरचे गुण जुळत नाहीत.

नोंद वाचणारा माणूसही आधीच ठरवायला हवा. आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना मदत होते, हे 'संगत' या स्वयंसेवी संस्थेने गोव्यात केलेल्या, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'मानस' नावाच्या चाचणीत सरकारी केंद्रांपुरतं दिसलं. स्वतःला इजा करण्याचा प्रश्न ॲपमध्ये असेल, तर रात्री अकराला आलेलं 'हो' कोण बघणार? त्याच पडद्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा क्रमांक हवा.

आणि नाव पुसलं की ओळख पुसते, असं इथे धरू नये. छोट्या राज्यात आजार, वय आणि तालुका एवढ्यावरच माणूस ओळखू येतो. बाहेर जाणाऱ्या फाईलमधून तालुका काढावा आणि वय पाच-दहा वर्षांच्या गटात टाकावं.