रक्तवाहिन्यांच्या गाठींवरील इंजेक्शन-उपचाराची चाचणी

रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गाठीत सुईवाटे औषध सोडून ती जिरवण्याच्या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. औषधाने वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, रक्त गोठते, सूज येते आणि पुढच्या काही आठवड्यांत पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटून ती बंद होते. तंत्र जुनेच आहे. पण कोणत्या गाठीला कोणते औषध, किती मात्रेत आणि किती वेळा द्यावे, हे अजूनही बरेचसे डॉक्टरच्या अनुभवावर चालते. हा अनुभव नियमबद्ध रीतीने पडताळून पाहणे म्हणजे या उपचाराची क्लिनिकल चाचणी.

‘ट्रायल’ हा शब्द पुणेकरांच्या तोंडी रुळला तो २०२० मधल्या कोविशिल्डमुळे. लशीच्या चाचणीत निरोगी माणसे मोठ्या संख्येने घेतात. इथे मात्र आजार विरळा, रुग्ण मोजके आणि प्रत्येकाची गाठ वेगळी असते. खरी अडचण औषधापेक्षा गाठ ओळखण्यात आहे.

१९८२ मध्ये मलिकन आणि ग्लोवाकी यांनी या गाठींचे दोन गट पाडले. हेमँजिओमा हा अर्बुदाचा, म्हणजे पेशी वाढून होणाऱ्या गाठीचा, प्रकार आहे. तो जन्मानंतर काही आठवड्यांत दिसतो, पहिले काही महिने भराभर वाढतो आणि मग काही वर्षांत बहुधा आपोआप ओसरतो. दुसरा गट विकृत वाहिन्यांचा. त्या जन्मापासूनच असतात, मुलाबरोबर वाढतात आणि आपोआप जात नाहीत. शिरांची विकृती भिजलेल्या स्पंजासारखी मऊ लागते. बाळ रडले किंवा मान खाली घातली की ती निळसर फुगते, दाबली की रिकामी होते. कधीकधी बोटाला आत गोठलेल्या रक्ताचे टणक खडेही लागतात. रोहिणीच्या (धमनीच्या) विकृतीत हाताला धडधड जाणवते, आणि तिथे साध्या स्क्लेरोथेरपीचे काम नसते. चाचणीत हे प्रकार मिसळले, तर आपोआप ओसरलेल्या हेमँजिओमाचे श्रेय इंजेक्शनला जाते आणि आकडे खोटेच चांगले दिसतात. जुने बरेच अहवाल या कारणाने आज फारसे कामाचे उरलेले नाहीत. हेमँजिओमाला तर आता बहुधा सुईची गरजच पडत नाही. २००८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांना योगायोगाने प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकार-रक्तदाबाच्या औषधाचा गुण सापडला आणि उपचार तोंडावाटे घ्यायच्या औषधाकडे वळला.

आईने ग्रहणात काही चिरले म्हणून मुलाला असा डाग किंवा गाठ आली, ही समजूत अजून ऐकू येते आणि तिचा जाच आईलाच होतो. शिरांच्या अनेक विकृतींमागे टीईके या जनुकातला बदल असल्याचे २००९ मध्ये दिसून आले. हा बदल बहुतेक वेळा गर्भ वाढत असताना काही पेशींतच घडतो. आईच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही.

औषधांत शुद्ध अल्कोहोल सर्वांत जहाल आहे. गाठ बंद करण्यात ते पुढे असले, तरी कातडी जळणे, मज्जातंतूला इजा होणे आणि क्वचित हृदय-फुप्फुसांचे काम ढासळणे, हे त्याचे धोके आहेत. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट आणि पॉलिडोकॅनॉल त्या मानाने सौम्य. पॉलिडोकॅनॉल मूळचे बधिरीकरणाचे औषध असल्याने टोचताना कमी दुखते. कॅन्सरसाठी वापरले जाणारे ब्लिओमायसिन सूज कमी आणते, म्हणून जीभ, डोळ्याची खोबण, श्वासमार्ग अशा अडचणीच्या जागी ते निवडतात. लसिकावाहिन्यांच्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) गाठींसाठी जपानमध्ये १९८७ मध्ये ओके-४३२ पुढे आले. हे पेनिसिलिनची प्रक्रिया केलेल्या जिवाणूंपासून बनते, त्यामुळे पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही. मोठ्या कप्प्यांच्या गाठीत त्याचा चांगला गुण येतो, बारीक कप्प्यांच्या गाठीत फारसा येत नाही. कप्प्यांचा आकार आधी न नोंदवता काढलेली सरासरी म्हणूनच फसवी ठरते.

प्रत्यक्ष कृती पाहण्यासारखी असते. दोन सिरिंज थ्री-वेला, म्हणजे तीन तोंडांच्या छोट्या तोटीला, जोडतात. एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. दट्ट्ये आळीपाळीने भराभर दाबत गेले की पातळ औषधाचा दाट पांढरा फेस होतो. हा फेस रक्त बाजूला सारून भिंतीला जास्त वेळ चिकटून राहतो, पण थोड्याच वेळात पुन्हा सुटा होऊ लागतो, म्हणून आधी करून ठेवता येत नाही. सोनोग्राफीवर बघत सुई आत घालायची, रक्त मागे येते का पाहायचे, रंगद्रव्य सोडून ते मोठ्या शिरेत पळत नाही याची एक्स-रे पडद्यावर खात्री करायची आणि मगच औषध द्यायचे. ब्लिओमायसिन दिले असेल, तर नंतर चिकटपट्टी आणि ईसीजीचे चिकट ठिपके शक्यतो टाळतात. ओरखडा किंवा दाब आलेल्या जागी कातडी काळवंडते आणि तो डाग बरेच महिने राहू शकतो. सावळ्या चेहऱ्यावरचा असा डाग ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणून नोंदवावा का, याबद्दल डॉक्टर आणि मुलीची आई यांचे मत एक असेलच असे नाही.

भारतात अशी चाचणी २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांखाली येते. बाजारात असलेले औषध नव्या आजारासाठी केवळ अभ्यास म्हणून तपासायचे असेल, तर ती ‘शैक्षणिक चाचणी’ ठरते आणि प्रामुख्याने संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. मात्र तिच्या निष्कर्षांवर औषधाच्या विक्रीची परवानगी मागता येत नाही. समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे, शिवाय एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री सदस्य आवश्यक.

पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात शहराबाहेरचेही अनेक रुग्ण येतात. त्यांच्यासाठी मराठीतले संमतीपत्र ही निव्वळ औपचारिकता नसते. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. सात वर्षांवरील मुलाची स्वतःचीही तयारी विचारावी लागते. बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. ‘तुमचा गट, म्हणजे तुम्हाला कोणते औषध मिळणार ते, चिठ्ठी टाकून ठरेल’ हे वाक्य सर्वांत अवघड जाते. डॉक्टरलाच माहीत नाही कुठले औषध चांगले, हे ऐकून काही पालक उठून जातात. आणि त्यांची शंका रास्तच आहे.

कोणाला कोणते औषध दिले हे लपवणेही कठीण. पांढरा फेस आणि नितळ ब्लिओमायसिन हातात घेताच ओळखू येतात. म्हणून टोचणाऱ्याऐवजी एमआरआय वाचणाऱ्याला गट कळू देत नाहीत. एमआरआयवर गाठ निम्मी झाली तरी दुखणे तसेच राहू शकते, आणि उलटही घडते. त्यामुळे आकारमानाबरोबर वेदना, अवयवाची हालचाल आणि शाळेत किंवा कामावर होणारा खोळंबा यांचीही नोंद करतात.

इंजेक्शने काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा द्यावी लागतात. ऊसतोडीला गेलेले कुटुंब ठरलेल्या तारखेला पुण्यात येत नाही. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात धरली नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर रुग्ण गळतात. सहसा बरे वाटलेले आणि अजिबात गुण न आलेले असे दोन्ही टोकांचे लोक गळत असल्याने निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकला हे सांगता येत नाही. बंद झालेल्या शिरा काही वर्षांनी पुन्हा उघडू शकतात, तर वयात येताना आणि गरोदरपणात विकृती वाढू शकते. आठव्या वर्षी उपचार घेतलेल्या मुलीला तो किती लागू पडला, हे सहा महिन्यांनी संपणाऱ्या चाचणीत दिसत नाही.