घरात मालक, अर्जावर निराधार

डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले पुरुष एकमेकांना आधी गाव विचारतात, मग काम. पण ‘काय करता?’ असं कुणी म्हणत नाही. ‘काय करत होता?’ असं विचारतात. कुणाचा ट्रॅक्टर होता, कुणी वाळूजला कंपनीत होता, कुणी टोळीचा मुकादम होता. माझे चुलते, आमचे आबा, म्हणतात, ‘शेती होती.’ शेती आजही आहे. केज तालुक्यातल्या त्याच साडेतीन एकरांत या साली सोयाबीन उभं आहे. तरी आबांच्या तोंडून ‘होती’च येतं. आठवड्यातून दोनदा त्यांच्यासोबत त्या बाकावर बसून मला हे कळलं की हा ‘होती’ नुसत्या किडनीमुळे आलेला नाही. त्याच्यामागे मराठवाड्यातल्या कामाचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे.

दुखणी पूर्वीही होती. दमा होता, क्षय होता, लकवा मारलेली माणसं घरोघरी होती. पण ज्वारीच्या शेतीत अर्ध्या अंगाच्या माणसालाही काम असायचं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं तुटून पडायची. शेतात माळा उभारून त्यावर दिवसभर गोफण घेऊन बसायला माणूस लागायचा. नांगर धरणं ज्याला झेपत नाही तो राखणीला जायचा. अंबाडीच्या वाखाची दावी, कासरे, मुसक्या वळायचा. बैल पाण्यावर न्यायचा. पेरणीच्या दिवशी बांधावर बसून ‘तास वाकडं चाललंय’ एवढं ओरडायचा, आणि तेही कामातच धरलं जायचं. त्याची भाकरी शेतावर जायची, घरच्या चुलीपुढे बसून त्याला खावी लागत नव्हती. हा फरक फार मोठा होता.

हे सगळं जमीन असणाऱ्यांपुरतं होतं, हेही सांगितलं पाहिजे. सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत प्रत्येक खाडा मोजला जायचा. दुखणं लांबलं की साल मोडायचं, आणि घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याच्या पोराच्या अंगावर यायची. म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१९७२ चा दुष्काळ हे पहिलं वळण. त्या साली हातात हातोडा घेऊन खडी फोडायला बसलेला मराठवाडा आमच्या आजीनं पाहिला होता; सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन लोक जगले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा खेड्यातल्या माणसाचा हक्क झाला. देशात आधी कुठे असं झालं नव्हतं, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. पण हमी होती ती अंगमेहनतीच्या कामाची, आणि मजुरी मापावर. जेवढी माती उचलाल तेवढे पैसे. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात कामावर जखमी झालेल्या मजुराला औषधपाणी आणि दवाखान्यात असेपर्यंत निदान निम्मी मजुरी देण्याची तरतूद आली. कामावर पाय मोडला तर सरकार उभं राहतं. पण ज्याची किडनी हळूहळू बसत गेली, त्याला कामावर नेमकं काय लागलं हे दाखवता येत नाही.

दुसरं वळण उसाचं. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. इथे मजूर एकटा मोजतच नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. मुकादमाची उचल कोयत्याला मिळते, गड्याला किंवा बाईला वेगळी नाही. त्यामुळे गडी आजारी पडला की नुसती त्याची मजुरी बुडत नाही, कोयताच मोडतो. बायकोला एकटीला टोळीत जागा नसते. असली तर अर्ध्या कोयत्याची. उचल मात्र पुरीच्या पुरी डोक्यावर राहते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेली, ती जायलाच हवी होती. त्याच कोयत्यातल्या गड्याच्या तब्येतीकडे मात्र तेव्हाही कुणाचं लक्ष गेलं नाही. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वात, ऊसतोड करणाऱ्या तरुण पुरुषांच्या किडन्या निकामी होतात हे डॉक्टर गेली वीसेक वर्षं मांडत आले आहेत. रणरणत्या उन्हातलं कष्टाचं काम आणि अंगातलं पाणी आटणं हे त्यातलं एक कारण मानलं जातं. आमच्याकडचे फडही काही सावलीत नसतात.

दरम्यान घरची शेती बदलली. ज्वारी मागे हटली, सोयाबीन आलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’ ज्वारी दिली आणि ‘एमएयूएस-७१’ सोयाबीनही दिलं. शेतकऱ्यानं पैसे देणारं पीक घेतलं, त्यात त्याची काय चूक? पण उभ्या सोयाबीनवर ज्वारीसारखी पाखरं पडत नाहीत, म्हणून माळा गेला. ट्रॅक्टर आला, बैल गेले, बैलांबरोबर दावी वळणं गेलं. उरली ती कामं एक तर यंत्राची, नाही तर पुऱ्या ताकदीची. अर्ध्या अंगाच्या माणसाची जागा कुणी मुद्दाम काढून घेतली नाही. ती गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कारखान्यातला कामगार त्यातल्या त्यात बरा. १९४८ च्या कायद्यानं आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत लकवा, कॅन्सर अशा लांबणाऱ्या आजारांत दोन वर्षांपर्यंत पगाराचा मोठा हिस्सा मिळू शकतो. पण त्यासाठी आधी सलग नोकरी दाखवावी लागते, आणि ठेकेदाराकडच्या पोरांना मध्येच ‘ब्रेक’ दिला जातो. सरकारी नोकराला तर अपंगत्व आल्यावर कामावरून काढता येत नाही, हे १९९५ च्या कायद्यातही होतं आणि २०१६ च्या कायद्यातही आहे. या नव्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. पार्किन्सन आला, सिकलसेल आला. किडनी निकामी होणं त्यात नाही. आबांना दिव्यांगाचं प्रमाणपत्र मिळत नाही ते यामुळे.

उपचाराचं मात्र खरोखर सुधारलं, हे मनापासून लिहितो. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला नांदेड होता. पुढच्या साली ती राज्यभर आली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावानं चालते. पूर्वी ज्या दुखण्यात रान विकावं लागायचं त्यात आज आबा जिवंत आहेत. पण योजना यंत्राचे पैसे भरते. चार तास यंत्रावर, येण्याजाण्यात उरलेला दिवस, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही. असे आठवड्यातले चार दिवस जातात, त्यांचा हिशोब कुणाकडेच नाही.

एक हिशोब आहे, तो १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणारे पुरुषही त्यात बसतात. आमच्या भागात बाई नवऱ्याला ‘मालक’ म्हणते. काकू आजही म्हणते, ‘मालक झोपलेत, हळू बोला.’ त्या मालकानं तहसीलच्या अर्जावर ‘निराधार’ या शब्दाखाली सही करायची. आबांनी तो कागद दोन महिने पेटीत ठेवला. काकूनं रोज विचारलं, त्यांनी रोज ‘उद्या’ म्हटलं. शेवटी सही केली, आणि त्या दिवशी ते पारावर गेले नाहीत.

डायलिसिससाठी डाव्या मनगटाशी नस जोडली आहे. बोट ठेवलं की खाली सारखी घरघर लागते, लहान गिरणी चालल्यासारखी. त्या हातानं जड उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही. कासरा धरायचा हात तोच. बैल विकले तेव्हा व्यवहार माझ्या भावानं केला. आबा आत होते, बाहेर आले ते गोठा झाडायला. कुणी विचारलं, ‘सध्या काय चाललंय आबा?’ तर उत्तर ठरलेलं: ‘काही नाही, बसून आहे.’ ‘बसून खातो’ हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात. तो दुसऱ्यानं उच्चारायच्या आत ते स्वतःच अर्धा बोलून मोकळे होतात.

२०१५ नंतर शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारनं ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात मराठवाडा होता. आता १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर कुणालाही मनातलं बोलता येतं. आत्महत्यांच्या देशपातळीवरच्या नोंदींत कौटुंबिक कलहाखालोखाल आजारपणाचं कारण येतं, म्हणून हा क्रमांक मी डायलिसिसच्या बाकावरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून देतो. बाकावर मात्र सगळे एकमेकांशीच बोलतात. कुणाच्या अंगात पाणी किती वाढलं, कुणाचा जावई आला, पाऊस कुठे झाला. मला वाटतं, आठवड्यातली तीच त्यांची खरी बैठक आहे.

गेल्या पोळ्याच्या आधी आबांनी काकूच्या जुन्या नायलॉनच्या साड्या मागून घेतल्या. चिंध्या फाडून, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून, ओसरीवर बसून पीळ देऊ लागले. डावा हात नुसता धरायला, जोर उजव्याचा. अकरा दावी झाली. ज्यांच्याकडे अजून बैल आहेत अशा चौघांनी सहा नेली. पैसे देऊन नेली, आणि आबांनी ते मोजून घेतले.