हवेतील टक्कर टाळण्याच्या उपायांची पार्श्वभूमी : शेवटचा शब्द कोणाचा?

दोन प्रवासी विमान सेवांच्या विमानांची हवेत टक्कर होण्याची पहिली नोंद ७ एप्रिल १९२२ ची आहे. लंडन आणि पॅरिस यांच्यामध्ये परस्परविरुद्ध दिशेने उडणारी दोन विमाने फ्रान्सच्या पिकार्डी भागात धुरकट हवेत समोरासमोर आली आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्या काळी वैमानिकाने पाहावे आणि टाळावे, एवढाच नियम होता. पुढे १९३०च्या दशकात नियंत्रण कक्ष उभे राहिले, तरी आखून दिलेल्या मार्गांच्या बाहेर ही जबाबदारी वैमानिकाच्या डोळ्यांवरच राहिली.

तिची मर्यादा ३० जून १९५६ रोजी उघड झाली. लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघालेली टीडब्ल्यूए आणि युनायटेड या कंपन्यांची विमाने ग्रँड कॅन्यनवर २१,००० फुटांवर एकमेकांवर आदळली आणि १२८ जण दगावले. तिथे नियंत्रकाने दोघांना वेगळे ठेवणे अपेक्षितच नव्हते. या घटनेच्या दबावाखाली अमेरिकेत १९५८ चा हवाई वाहतूक कायदा झाला, आज एफएए या नावाने ओळखली जाणारी, हवाई वाहतुकीचे नियमन करणारी सरकारी यंत्रणा स्थापन झाली आणि रडारवर मोठा खर्च होऊ लागला. डोळ्याची अडचण केवळ ढगांपुरती नाही. सरळ मार्गाने आणि न बदलणाऱ्या वेगाने येत असलेले, टक्कर होणारच अशा बेतातले विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. ते बाजूला सरकत नाही, फक्त मोठे होत जाते, आणि तेही अखेरच्या काही सेकंदांत. ताशी ९०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातील दहा किलोमीटर अंतर वीस सेकंदांत संपते.

याच सुमारास बेन्डिक्स कंपनीतील जॉन मॉरेल यांनी या प्रश्नाकडे अंतराऐवजी वेळेच्या अंगाने पाहिले. दोन विमानांमधील अंतराला ते अंतर घटण्याच्या वेगाने भागले की टक्कर किती सेकंदांवर आली आहे, याचा अंदाज मिळतो. विमानावरच बसवलेल्या, टक्करीचा धोका ओळखून वैमानिकाला सूचना देणाऱ्या आजच्या टीकॅस यंत्रणेचा पाया हाच आहे. हे उपकरण आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ उपकरणाला, साधारण दर सेकंदाला विचारणा करते, उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि उत्तरातूनच उंची वाचते. धोका जवळ आला की आधी सावधगिरीचा इशारा मिळतो, मग वर चढण्याची किंवा खाली उतरण्याची स्पष्ट सूचना येते. दोन्ही विमानांवर उपकरण असेल, तर ती आपसांत ठरवून परस्परविरुद्ध सूचना देतात. दिशेचा अंदाज पुरेसा अचूक नसल्यामुळे डावी-उजवीकडे वळण्याची सूचना मात्र दिली जात नाही.

कल्पना आणि सक्ती यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. १९७८ मध्ये सॅन डिएगो येथे आणि १९८६ मध्ये सेरिटोस येथे प्रवासी विमानांची छोट्या खासगी विमानांशी टक्कर झाल्यावरच अमेरिकी संसदेने १९८७ मध्ये कायदा केला आणि तीसपेक्षा अधिक आसनांच्या विमानांवर १९९३ अखेरपर्यंत हे उपकरण बसवणे बंधनकारक झाले. भारतात ही सक्ती १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरी अपघातानंतर आली. दिल्लीहून चढणारे सौदी अरेबियन कंपनीचे बोइंग ७४७ आणि उतरणारे कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला; हवेतील टक्करींमध्ये हा आजही सर्वांत भीषण अपघात आहे. कझाक विमान ठरवून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली गेले होते, हे त्याचे थेट कारण. पण येण्याजाण्यासाठी नागरी विमानांना एकच अरुंद पट्टा होता आणि नियंत्रकाच्या रडारवर उंची दिसतच नव्हती, हेही तितकेच महत्त्वाचे म्हणावे लागेल.

उपकरण आले आणि त्यासोबत एक नवा पेच आला, ज्याची कोणी पुरेशी दखल घेतली नव्हती : नियंत्रक एक सांगतो आणि यंत्र दुसरे, तर ऐकायचे कोणाचे? ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या सुरुगा उपसागराजवळ जपान एअरलाइन्सची दोन विमाने नेमक्या याच गोंधळात थोडक्यात बचावली. दोन्ही विमानांत मिळून ६७७ जण होते. दीड वर्षाच्या आत, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेनवर मात्र अशी नशिबाची साथ मिळाली नाही. तिथली हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या झुरिचच्या नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन टेबले सांभाळत होता आणि दुरुस्तीमुळे मुख्य दूरध्वनी व्यवस्था बंद होती. त्याने तुपोलेव विमानाला खाली उतरायला सांगितले. काही सेकंदांतच टीकॅसने त्याच विमानाला वर चढण्याची आणि समोरच्या बोइंगला उतरण्याची सूचना दिली. बोइंगने यंत्राचे ऐकले, तुपोलेवने माणसाचे. दोन्ही विमाने उतरत राहिली आणि ७१ जण मृत्युमुखी पडले. यानंतर, २००३ मध्ये, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने निःसंदिग्ध शब्दांत लिहिले की विरोध आल्यास यंत्राची सूचनाच पाळावी. समोरचे विमान सूचनेविरुद्ध जात असेल, तर आपली सूचना वेळेवर उलटवण्याची सुधारणाही प्रणालीच्या ७.१ आवृत्तीत आली.

दरम्यान गर्दी सामावून घेण्यासाठी २९,००० ते ४१,००० फुटांदरम्यान विमानांमधील उभे अंतर २,००० वरून १,००० फुटांवर आणले गेले. भारतात हा बदल २००३ मध्ये झाला. उपग्रहाधारित दिशादर्शनामुळे विमाने मार्गाच्या मध्यरेषेवर इतकी काटेकोर उडू लागली की, उंची चुकल्यास पूर्वी आपोआप मिळणारे आडवे अंतरही उरले नाही. २००६ मध्ये ब्राझीलमध्ये ‘गोल’ या विमान कंपनीचे बोइंग आणि एक छोटे जेट ३७,००० फुटांवर असेच एका रेषेत आले. जेटचा ट्रान्सपाँडर बंद असल्यामुळे एकाही विमानाला इशारा मिळाला नाही आणि बोइंगमधील सर्व १५४ जण दगावले. जमिनीलगत दुसरी मर्यादा आहे. सुमारे १,००० फुटांखाली टीकॅस चढण्या-उतरण्याच्या सूचना देत नाही, कारण तिथे खाली उतरायला जागाच नसते. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मरण पावले, ती याच थरात.

टीकॅसनंतरची एसीएएस-एक्स ही प्रणाली ठरावीक नियमांऐवजी संभाव्यतेच्या गणितावर सूचना निवडते आणि वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांसाठीच्या तिच्या रूपात आडव्या वळणाच्या सूचनांचाही समावेश आहे.