हृदयविकाराचा झटका आणि इन्सुलिनची सलाइन : पार्श्वभूमी

झटक्यानंतर ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम सलाइनमधून एकत्र देण्याची पद्धत (‘जीआयके’) १९६२ साली मेक्सिकोत मांडली गेली. पेशीतून निसटणारे पोटॅशियम परत आत जावे आणि जीवघेणे अनियमित ठोके टळावेत, एवढाच तेव्हाचा हेतू होता. पुढे भर इंधनावर आला. मेदाम्ले (चरबीपासून मिळणारे इंधन) जाळण्यापेक्षा ग्लुकोज जाळताना हृदयाला तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये थोडी अधिक ऊर्जा मिळते आणि इन्सुलिन रक्तातील मेदाम्ले खाली आणते, हा त्यामागचा विचार होता.

वाद पेटला तो २००५ साली. भारतातील रुग्णांचाही समावेश असलेल्या २०,२०१ जणांच्या चाचणीत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ही सलाइन घेतलेल्यांत १०.० टक्के, तर इतरांत ९.७ टक्के आढळले, आणि विषय संपला असे बहुतेकांनी मानले. हा निष्कर्ष सलाइनपुरता योग्यच आहे. पण तो इन्सुलिनवर लादणे मला घाईचे वाटते. ‘जीआयके’ या एका नावाखाली तीन द्रव्ये दडलेली आहेत. त्यांतील ग्लुकोजमुळे रक्तातील साखर चढते, आणि चढलेली साखर झटक्याच्या काळात स्वतःच घातक असते. शिवाय इन्सुलिन केव्हा पोहोचले, हे त्या नावावरून कळतच नाही. उंदराच्या वेगळ्या काढलेल्या हृदयावरील २००१ च्या प्रयोगात थांबवलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताक्षणी दिलेल्या इन्सुलिनने मृत स्नायूचे क्षेत्र घटवले, मात्र पंधरा मिनिटांच्या उशिराने तो लाभ नाहीसा झाला. म्हणजे इंधन पुरवण्याइतकेच, पेशीला मरणापासून वाचवणारे संकेत जागे करणे हेही त्याचे काम आहे.

म्हणूनच २०१२ ची अमेरिकन चाचणी महत्त्वाची ठरते. तीत झटक्याची शंका असलेल्या ८७१ रुग्णांना रुग्णवाहिकेतच जीआयके सलाइन किंवा तुलनेसाठी नुसते द्रावण लावले होते. सुरू होऊ पाहणारा झटका पूर्ण झटक्यात बदलणे टळते का, या मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. परंतु हृदय बंद पडणे किंवा रुग्णालयात मृत्यू होणे यांचे एकत्रित प्रमाण ८.७ वरून ४.४ टक्क्यांवर आले. हा दुय्यम निष्कर्ष असल्यामुळे त्यावर उपचारपद्धती उभी राहिली नाही. मुंबईत पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळी अडकलेल्या रुग्णवाहिकेचा विचार केला, तर वेळेचा हा मुद्दा केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही. मात्र वाटेतच इन्सुलिन सुरू करायचे, तर साखर आणि पोटॅशियम वारंवार तपासण्याची सोयही त्याच गाडीत हवी.