देवमाशाच्या कानातले डेसिबल

दर काही महिन्यांनी एक संदेश फिरत फिरत माझ्यापर्यंत येतोच. ‘समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजांचा आवाज 250 डेसिबल! जेट विमानाचा फक्त 140!’ खाली किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा फोटो. पाठवणाऱ्याची कळकळ खरी असते आणि विषयही गंभीर आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवणं म्हणजे एकाचं वजन किलोत नि दुसऱ्याचं पौंडात करून कोण जाड ते ठरवणं. मीही एकदा व्याख्यानात ही तुलना ठोकून दिली होती, तेव्हा हा लेख प्रायश्चित्त समजा.

आवाज येतो कुठून? समुद्रतळाखालचं तेल आणि वायू शोधायला जहाजामागे एअरगन ओढत नेतात. दाबून भरलेली हवा एकदम पाण्यात सोडली की धडाका होतो आणि त्याचे पडसाद तळाखालच्या खडकांच्या थरांवरून परत येतात. दर दहा-पंधरा सेकंदांनी एक धडाका, असं आठवडेच्या आठवडे. समुद्रात पवनचक्क्या उभारताना वेगळा गोंगाट: पोलादी खांब हायड्रॉलिक हातोड्याने तळात ठोकायचे, एकेका खांबाला हजारो घाव. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो आणि खर्जातला आवाज वाटेत फारसा शोषला जात नाही. अटलांटिकच्या मध्यावर ठेवलेल्या हायड्रोफोनना (पाण्याखालच्या मायक्रोफोनना) जवळजवळ 4000 किलोमीटरवरच्या एअरगन ऐकू आल्या आहेत.

आता डेसिबल. हे किलो किंवा मीटरसारखं माप नाहीच, ते गुणोत्तर आहे. एखाद्या ठरावीक दाबाच्या तुलनेत हा दाब किती पट, हे लॉगॅरिथमच्या भाषेत सांगायचं. दाब 10 पट झाला की 20 डेसिबल वाढतात, 100 पट झाला की 40. सगळी मेख त्या ‘ठरावीक’ दाबात आहे. हवेत तो 20 मायक्रोपास्कल धरतात, कारण निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज साधारण तेवढा असतो. पाण्याखाली माणसाच्या कानाचं काही काम नाही, म्हणून तिथे सरळ 1 मायक्रोपास्कल. 20 पटीचा फरक म्हणजे 26 डेसिबल. दाब अगदी तोच असला तरी हवेतला 100 पाण्यात 126 होतो.

बहुतेक जण इथेच थांबतात. मला मात्र खरी मजा पुढच्या पायरीत वाटते. ध्वनिलहर ऊर्जा वाहून नेते. किती नेते? दाबाचा वर्ग करा आणि त्याला माध्यमाची घनता गुणिले ध्वनीचा वेग, या गुणाकाराने भागा. पाणी हवेच्या आठशेपट घन आहे, वेगही चौपटीहून जास्त. त्यामुळे हा गुणाकार पाण्यासाठी हवेच्या सुमारे 3600 पट भरतो. म्हणजे तेवढ्याच दाबाची लहर पाण्यात हवेतल्यापेक्षा 3600 पट कमी ऊर्जा नेते! विचित्र वाटतं, पण शाळेतलं सूत्र आठवा: कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. पाणी ताठर. ढकललं तरी त्याचे कण जागचे फारसे हलत नाहीत, मग कार्य होणार कुठून? ही 3600 पट म्हणजे आणखी 36 डेसिबल. (दाबाच्या दहापटीला 20 आणि ऊर्जेच्या दहापटीला 10 असं का, तर तो वर्ग. ज्यांना लॉगॅरिथमचा शाळेपासून राग आहे त्यांनी विश्वास ठेवावा आणि पुढे चलावं.) 26 अधिक 36, एकूण 62. पाण्यातला 250 हवेच्या भाषेत 188 होतो.

188 हेही भयंकरच आहे. पण मूळचा 250 समुद्रात कुठेच अस्तित्वात नसतो. जहाजामागे एक एअरगन नसते, दहा-वीस मीटरच्या पसाऱ्यात अनेक असतात. दूरवर मोजलेल्या आवाजावरून ‘हे सगळं एकाच बिंदूतून आलं असतं, तर 1 मीटरवर किती भरलं असतं?’ असा उलटा हिशेब करून तो आकडा काढलेला असतो. हिशेबाला उपयोगी, पण त्या 1 मीटरवर जाऊन पोहणारा कुठलाही प्राणी तो ऐकणार नाही.

शिवाय ऐकणारा कोण, हा प्रश्न राहतोच. हार्बर पॉर्पॉइस हा डॉल्फिनचा लहानखुरा नातेवाईक 130 किलोहर्ट्झच्या आसपास ‘क्लिक’ करतो, तर फिन व्हेल 20 हर्ट्झवर बोलतो. एअरगनची बहुतेक ऊर्जा 200 हर्ट्झच्या खाली असते, म्हणजे थेट फिन व्हेलच्या बोलण्याच्या पट्ट्यात. एवढ्या मोठ्या प्राण्याची श्रवणचाचणी करायची कशी? 2023 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर दोन मिंक व्हेल काही वेळ अडवून, अंगाला इलेक्ट्रोड लावून ती केली गेली. 45 ते 90 किलोहर्ट्झचे आवाजही त्यांना ऐकू येत होते. दातांऐवजी गाळणी असलेल्या व्हेलकडून ही अपेक्षा कोणी केली नव्हती.

ऐकू येतं म्हणजे त्रास होतोच असं नाही, आणि पळून गेला नाही म्हणजे त्रास झाला नाही असंही नाही. मेक्सिकोच्या आखातात 2002-03 मध्ये आठ स्पर्म व्हेलच्या पाठीवर रबरी चूषकांनी चिकटणारी नोंदयंत्रं बसवली आणि मग एअरगन चालवल्या. एकही प्राणी दूर पळाला नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर ‘काही परिणाम नाही’ असा अहवाल झाला असता. पण यंत्रांत खोलवरच्या हालचाली आणि भक्ष्य पकडण्याच्या क्षणीचा ‘बझ’ आवाजही नोंदला जात होता. शिकारीचा जोर कमी पडल्याच्या खुणा त्यात होत्या. ज्याच्या सर्वांत जवळ जहाज गेलं तो तर चार तासांहून जास्त वेळ पृष्ठभागाजवळ नुसता पडून राहिला आणि एअरगन थांबताच त्याने बुडी मारली.

ऑस्ट्रेलियात हंपबॅक व्हेलवरच्या प्रयोगांत संशोधकांनी जहाज एअरगन ओढत, पण त्या बंद ठेवूनही नेलं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात तसं. नुसत्या जहाजालाही प्राण्यांनी प्रतिसाद दिला! हा तुलनागट नसता तर सगळं खापर एअरगनवर फुटलं असतं. बोहेड व्हेलचं आणखी निराळं. धडाके मंद ऐकू येत असताना ते जास्त बोलू लागतात, आणि आवाज वाढत गेला की गप्प होतात. म्हणून ‘हाका कमी झाल्या का?’ हा प्रश्नच अपुरा पडतो.

माझा आवडता पुरावा मात्र विष्ठेतला आहे. सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर जहाजांची ये-जा घटली आणि कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्यातला गोंगाट 6 डेसिबलने उतरला. राइट व्हेलची तरंगती विष्ठा तिथे आधीपासूनच गोळा केली जात होती (पुढे हे काम वास काढणाऱ्या कुत्र्यांनीही केलं). त्या दिवसांतल्या नमुन्यांत ताणाच्या हार्मोनचे अंश कमी निघाले. हा गोंगाट जहाजांच्या पंख्यांचा, पण धडा तोच: प्राणी वरून शांत दिसतो आणि आतून ताणलेला असतो.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेलेला हंपबॅक दिसला की ‘पवनचक्क्यांनी मारला’. हे मृत्यू वाढले 2016 पासून. तिथल्या मोठ्या प्रकल्पांचं खांब ठोकणं सुरू झालं 2023 मध्ये. तपासलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के प्राण्यांवर जहाजाची धडक किंवा जाळ्या-दोरांच्या खुणा सापडल्या. आणि जपानमध्ये 2015 साली दीडशेच्या आसपास मेलन-हेडेड व्हेल किनाऱ्याला लागल्यावर लोकांनी भूकंपाचं भाकीत केलं, कारण 2011 च्या महाभूकंपाच्या आठवडाभर आधी असंच घडलं होतं. 2011 सारखी त्सुनामी काही आली नाही.

खांब ठोकण्याचा खरा परिणाम डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह 2 या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पात चोख मोजला गेला. पाण्यात ठेवलेल्या यंत्रांनी पॉर्पॉइसचे क्लिक मोजले. सुमारे 18 किलोमीटरपर्यंत ते कमी झाले आणि 22 किलोमीटरवर चक्क वाढले, म्हणजे प्राणी तिकडे सरकले असावेत. यावर उपाय निघाला तो बुडबुड्यांचा पडदा: खांबाभोवती तळावर छिद्रांची नळी अंथरून हवा सोडायची. पाण्यात फक्त एक टक्का हवा मिसळली तर ध्वनीचा वेग सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरवर येतो, हवेतल्या वेगापेक्षाही कमी. आवाज अशा भिंतीवर आदळून मागे फिरतो, उरलेला बुडबुड्यांना थरथरवण्यात खर्च होतो.

जर्मनीने तर मर्यादाच घातली आहे: खांबापासून 750 मीटरवर एका घावाची ध्वनिऊर्जा 160 डेसिबलच्या वर जाता कामा नये. पाण्यातले डेसिबल, अर्थात. या आकड्याचा एक मुख्य आधार म्हणजे डेन्मार्कमध्ये पाळलेल्या एका पॉर्पॉइसवरची चाचणी. एअरगनच्या 164 डेसिबलच्या धडाक्यानंतर त्याला काही काळ कमी ऐकू येऊ लागलं होतं. एका पॉर्पॉइसला.